फुप्फुसं नसलेला डॉक्टर

"आणि डबीत काय होतं?"

"नमुना."

"कशाचा?"

"कफाचा, बापू. दुसरं काय असणार?"

"कोण म्हणालं?"

डॉक्टर मकरंद हुद्दार हसला. "डबीवर लिहिलंय की!"

बापू देसूरकर काही हसले नाहीत. ओसरीवर बसून ते धोतराच्या सोग्याला चष्म्याची काच पुसत होते, ती पुसतच राहिले.

एप्रिल महिना. चंदगडकडच्या कुरणवाडीत सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. काजूच्या कारखान्याचा तेलकट धूर गावावर रेंगाळत होता. त्या धुरानं मकरंदला आठवडाभर खोकला धरला होता. घसा खाकरल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नव्हतं.

पण गडी खुशीत होता.

आता हे बापू म्हणजे कोण, तर गावच्या ट्रस्टच्या दवाखान्यात चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पण पंधरा वर्षांपूर्वी मकरंद शिकाऊ डॉक्टर म्हणून इथे आला, तेव्हा क्षयाचा जंतू त्याला पहिल्यांदा बापूंनी दाखवला होता. निळ्या रानात पडलेली लाल काडी! पुण्यात मोठा झाल्यावरही मकरंद भाषणात हे आवर्जून सांगायचा. सांगताना लोकांना आपला साधेपणा दिसावा, एवढंच.

आज तो पाया पडायला आला होता. उद्या सकाळी गाडी पुण्याला निघणार. वर्षभराचं संशोधन संपलं. खरं सांगायचं तर आशीर्वादापेक्षा त्याला शाबासकी हवी होती.

"कारखान्यातल्या सहाशे बारा बायका तपासल्या," तो म्हणाला. "प्रत्येकीची डबी दोनदा घेतली. पुरुष दोनशे चाळीस. त्यांच्यात नऊ जण क्षयाचे सापडले. आणि बायकांत..."

तो मुद्दाम थांबला.

"बायकांत शून्य!"

"शून्य," बापू म्हणाले.

"एकाच छपराखाली, एकाच धुरात! पुरुष भट्टीवर असतात आणि बायका टरफलं फोडतात. दिवसभर त्यांच्या हातांना त्या टरफलाचं तेल. म्हणजे त्या तेलात काहीतरी आहे, बापू. पुढच्या महिन्यात मी हे परदेशात मांडणार आहे."

आतून नलूकाकू, म्हणजे बापूंच्या कारभारीण, आल्याचा काढा घेऊन आल्या. त्यांचे कान म्हणजे दारावरची घंटाच. कुठलं बोलणं सुटायचं नाही.

"अरे वा! मग तुझ्या खोकल्यालाही तेच तेल देऊ का?" त्या म्हणाल्या. "चाट जरा. जीभ सोलून हातात येईल."

"काकू, चेष्टा नको. हे शास्त्र आहे."

"असेल बाबा. पी हे."

मकरंदनं काढा घेतला. मग त्यानं आपणच पुन्हा सुरू केलं.

"मोजण्यात कुठे चूक नाही, बापू. प्रत्येक डबीत दोन मिलिलिटर, कमी नाही, जास्त नाही. डबी लगेच थंड पेटीत. तीन तासांच्या आत मशीनमध्ये. मशीन तुम्ही बघाच. गाडीत बसतं, बॅटरीवर चालतं. जंतूचा एवढासा धागा असला तरी पकडतं. तुमच्या डोळ्यांना दिसायला एका थेंबात हजारोंनी जंतू लागायचे. याला मूठभर पुरतात."

"चांगलं आहे," बापू म्हणाले. "फार चांगलं आहे."

"मग?"

"माझ्या वहीत एक रकाना असायचा. डबी आली की उजेडात धरायची. घट्ट आहे का, पिवळं आहे का, पाण्यासारखं आहे का... ते लिहायचं."

"तो रकाना मी काढून टाकला."

"का?"

"ते मोजमाप नव्हे, बापू. नुसत्या डोळ्यांचा अंदाज. तुम्हाला पिवळं वाटेल, मला पांढरं वाटेल. कागदावर असलं काही चालत नाही."

बापूंनी मान डोलावली. पटल्यासारखी.

...

तेवढ्यात अंगणातून खोकला आला.

साधा नव्हता तो. आधी दाबलेला, मग आणखी दाबलेला, आणि शेवटी दाबूनही बाहेर पडलेला. फणसाच्या सावलीत एक पोरसवदा बाई चिंचा फोडत बसली होती. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती वाकली होती. शेजारी गोधडीवर दहा महिन्यांची मुलगी चिंचोके चिवडत होती.

"ही शेवंता. गावड्यांची सून," काकू म्हणाल्या. "तुझ्या सहाशे बारातलीच एक. तीन महिने अशी खोकते आहे. अंगावरच्या चोळ्या ढगळ झाल्या. आठ दिवसांपूर्वी मुकादमानं घरी बसवलं, म्हणून मी चिंचा फोडायला बोलावते. तेवढंच जेवण तरी माझ्यासमोर होतं."

मकरंदनं खिशातला फोन काढून यादी बघितली.

"शेवंता गावडे. दोन्ही वेळा निर्दोष."

"तेच तर झालंय," काकू म्हणाल्या. "हे म्हणाले, तालुक्याला नेऊन छातीचा फोटो काढा. सासू म्हणते, कशाला? पुण्याच्या मशिनीनं दोनदा सांगितलंय काही नाही म्हणून. काम टाळायला नाटकं करते. आणि ते लेकरू तिच्याच अंगावर पितंय, तिच्याच कुशीत झोपतंय... उद्या तू गेलास की परत कोण येणार आहे विचारायला?"

मकरंद जरा चुळबुळला.

"काकू, धुरानंही खोकला येतो. मलाच बघा ना." आणि खरंच त्याला उबळ आली. छातीतून घरघर वाजली.

बापूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मकरंदा, गाडीत रिकामी डबी आहे?"

"आहेत की. का?"

"एक आण."

त्यानं आणली. बापूंनी झाकण काढून ती त्याच्यासमोर धरली.

"दे."

"मी?"

"तुला खोकला आहे. तूही त्याच धुरात आहेस. नमुना दे."

मकरंदनं डबी घेतली. समोर बापू. दारात काकू. अंगणात शेवंताही हातातली चिंच तशीच धरून बघायला लागली.

त्यानं घसा खाकरला. अगदी हळू, सभेत खाकरतात तसा. मग तोंड थोडं वळवलं, ओठ डबीला लावले आणि डबी परत दिली. वर रुमालानं तोंडही पुसलं.

"दोन मिलिलिटर आहे?" बापूंनी विचारलं.

"असेल."

"नाव लिही."

त्यानं नाव लिहिलं.

बापूंच्या खोलीत खिडकीशी जुना सूक्ष्मदर्शक होता. दवाखान्यात नवा आला तेव्हा म्हाताऱ्यानं हा मागून घेतलेला. काचेच्या पट्टीवर त्यांनी एक थेंब घेतला, निळ्या रंगाचा ठिपका लावला आणि डोळा टेकवला.

बराच वेळ पाहिलं. पट्टी इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

"वाईट बातमी आहे," ते म्हणाले.

मकरंद चटकन पुढे सरकला. कितीही मोठा डॉक्टर असला तरी स्वतःची डबी म्हटली की माणूस रोगीच.

"काय आहे?"

"या माणसाला फुप्फुसं नाहीत."

"काय?"

"बघ तूच."

मकरंद वाकला. फरशा अंथराव्यात तशा मोठ्या, चपट्या पेशी. गालाच्या आतल्या. सगळीकडे त्याच. छातीतून काही वर आलं असतं तर काजळी पोटात घेतलेल्या गोल पेशी दिसल्या असत्या. त्यांतली एकही नव्हती.

"बापू, ही नुसती लाळ आहे."

"डबीवर काय लिहिलंय?"

"कफ. पण..."

"अक्षर तुझंच आहे. मग कागदावर काय लिहू? डॉक्टर हुद्दार. नमुना दोन मिलिलिटर. फुप्फुसं, शून्य."

"असं कसं लिहाल? तुम्ही सगळे समोर उभे! तुमच्यासमोर मी घशातून ओढून कसं... बरं दिसतं का ते, बापू? काकू दारात, ती बाई तिकडून बघते आहे..."

तो बोलता बोलता थांबला.

...



मकरंद ताडकन उठला आणि अंगणात गेला. शेवंतासमोर उकिडवा बसला. ती बिचारी सावरून बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"ताई, कारखान्यात तुम्ही दोनदा डबी दिलीत. कशी दिलीत, ते मला सांगाल?"

"कशी म्हंजी? दिली की."

"सुरुवातीपासून सांगा. घाबरू नका."

"मुकादमांनी रांगंत हुबं केलं," ती म्हणाली. "सगळ्यांना डब्या वाटल्या. पुढं तुमची मानसं बसल्याली. आमचे दीर बी हुते तितं, हमालीला. ह्यांचे मामा बी हुते..."

"मग?"

"मग काय. नळावर गेलो सगळ्या. चूळ भरली. मिश्री लावली, पुन्यांदा चूळ भरली. रखमाक्कानं वेलदोडा आनला हुता, त्यो वाईच वाईच चघळला. आन मग दिली."

"वेलदोडा?"

"व्हय. वास नगं याला." तिला वाटलं आपण काही चुकीचं बोललो. "सोच्छ दिली वो डाक्टर. पानी दिसावं तशी. देवाशपथ!"

"आणि छातीतलं? खोकताना येतं ते?"

शेवंतानं मान खाली घातली. "त्ये घान असतंय."

"तेच हवं होतं ताई."

"आवं, तुमी येवढं पुन्यासनं आलायसा. तुमच्या हातात घान कशी द्यायची?"

सहाशे बारा बायकांनी, प्रत्येकीनं दोनदा, पाहुण्याला पाणी द्यावं तशी घासूनपुसून डबी दिली होती. आणि त्यानं ती थंड पेटीत जपून ठेवली होती.

"उंटावरून शेळ्या हाकल्या की असं होतं," दारातून काकू पुटपुटल्या. बापूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काकूंनी लगेच विषय बदलून मुलीला कडेवर घेतलं.

मकरंदनं दुसरी डबी आणली.

"ताई, आता द्या. लाजू नका. मी सांगतो तसं करा. खोल श्वास घ्या. धरा. सोडा. पुन्हा घ्या. आता पोटातून खोका... जोरात... आणखी जोरात..."

तो तिच्यासमोर वीतभर अंतरावर उभा. तोंडाला मास्क, हातात पेन, नजर डबीवर. शेवंतानं पदराआडून हूं केलं, हं केलं. डबीत दोन थेंब पडले. काचेसारखे स्वच्छ.

"असं नाही हो! मी सांगितलं ना..."

"मकरंदा," बापू ओसरीवरून म्हणाले. "फणसामागे."

"हो, बरोबर. ताई, तुम्ही जरा त्या झाडामागे जा आणि..."

"ती नाही. तू."

"मी?"

"तिनं का जायचं आडोशाला? ऊन इथे आहे, वारा इथे आहे. खोकायला हीच जागा चांगली. तू जा."

"पण मला बघायला हवं, ती नीट..."

"जा."

पुण्याचा मोठा डॉक्टर फणसामागे गेला. बुंध्याकडे तोंड करून उभा राहिला. लहानपणी लपाछपीत राज्य आल्यावर पोरं उभी राहतात, अगदी तसा. सालीवर मुंग्यांची रांग चालली होती. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो मुंग्या बघत राहिला.

मागे बापूंची काठी वाजली. तेही आत गेले. दार लागल्याचा आवाज आला. मुलीची कुरकुर दारामागे गेली.

मग काकू एकट्या बाहेर आल्या असाव्यात. लांबूनच त्यांचा आवाज आला.

"गेले गं सगळे बाप्ये. मी पण इकडे, वारा येतो त्या बाजूला, पाठ करून बसते. पदर सोड तोंडातला. कमरेला खोच आणि दोन्ही हात मांडीवर टेक. हां. आता आठव, सासू काय काय बोलली ते."

"काकी!" शेवंता चक्क हसली.

"हसू नको, आठव. परवा काय म्हणाली? नाटकी म्हणाली ना? मग काढ ते सगळं बाहेर, पार तळातून..."

आणि मग मकरंदला तो खोकला ऐकू आला.

हा खोकला कुणी दाबलेला नव्हता. उकरून उकरून वर येत होता. डॉक्टर होऊन त्याला इतकी वर्षं झाली, हजारो छात्यांना त्यानं नळी लावली, पण एका माणसाचा अख्खा खोकला त्यानं कधी ऐकला नव्हता. दर वेळी समोर तो स्वतः असायचा ना!

"झालं," काकू म्हणाल्या. "झाकण घट्ट लाव. ये रे मकरंदा, बाहेर."

मकरंदनं डबी उन्हात धरली. पिवळं, घट्ट, त्यात तांबूस रेघ. तशीच तो ती गाडीत घेऊन गेला.

पुढचे दोन तास मशीन चाललं. काकूंनी पिठलं-भाकरी केली. शेवंतानं एक भाकरी खाल्ली, निम्मी लेकराला भरवली. मकरंद गाडीत मशीनसमोर बसून होता, घाम पुसत.

साडेबाराला तो बाहेर आला. बापूंकडे बघितलं, आणि मग आधी शेवंताकडे गेला.

"ताई... क्षय आहे. मशीन चुकलं नव्हतं. मी चुकलो होतो."

शेवंता त्याच्याकडे बघत राहिली. रडेल असं त्याला वाटलं.

"म्हंजी खरंच हाय न्हवं काय तरी?" ती म्हणाली. "मी नाटकं करत न्हवते."

"नव्हतात करत."

"आत्याबाईस्नी सांगशीला? तुमच्या तोंडानं?"

"आत्ताच येतो मी घरी. गोळ्या आजपासून सुरू करू. सहा महिने, एकही चुकवायची नाही. पूर्ण बरा होणारा आजार आहे. आणि हिलाही तपासू, हिलाही औषध लागेल." त्यानं मुलीच्या गालाला बोट लावलं. तिनं ते बोट पकडून तोंडात घालायला बघितलं. त्यानं हळूच सोडवलं. "दूध तोडायचं नाही हं. फक्त पाजताना तोंडाला फडकं बांधा."

शेवंतानं मान हलवली. मग कुणाला काही न सांगता परत चिंचांकडे गेली. सांडलेल्या गोळा करून टोपलीत भरल्या. काम अर्धं टाकून उठणारी बाई नव्हती ती.

मकरंद ओसरीवर बापूंच्या पायाशी बसला. पाया पडायचं सकाळपासून राहूनच गेलं होतं, ते आत्ताही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"सहाशे अकरा राहिल्या, बापू."

"हूं."

"त्यांतल्या किती जणी अशा..."

बापूंनी चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला.

"परदेशचं रद्द करतो. आजच कळवतो. माझंच नाव खाली जाईल, जाऊ दे. तेल नाही, काही नाही. वेलदोडा होता तो!" तो हसायला गेला, ते काही जमलं नाही. "उद्या पुण्याला जात नाही. सगळ्या बायकांची नव्यानं तपासणी करायची. त्यांना समजावून सांगायला बायका हव्यात, गावातल्याच. तो रकाना परत घालतो. डब्या नव्यानं मागवाव्या लागतील, परवानगी काढावी लागेल, मालकाशी बोलावं लागेल, मुकादमाला..."

त्याला पुन्हा उबळ आली. या वेळी तो खोकला, चांगला दणदणीत, ओसरी दणाणली. काकूंनी आतूनच "वा!" म्हटलं.

"बापू, डोकं चालत नाही. एवढं सगळं आहे. सुरुवात कशापासून करू?"

बापूंनी काठी घेतली. उठले. अंगणापलीकडे, धुराच्या दिशेनं, कारखान्याचे पत्रे उन्हात चमकत होते. त्याच्याभोवती सगळं उघडं माळरान.

त्यांनी काठी तिकडे रोखली.

"आधी त्या आवारात एक झाड शोध," ते म्हणाले. "तू मागे मावशील असं."